सुंदराआजीचं मीठ

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी आमच्या शेजाऱ्याकडे चौकशी केली, "मुलगा असतो कुठं?" शेजारी सरळमार्गी माणूस. म्हणाला, "स्मशानात असतो." बोलणी तिथंच थांबली. मग वडिलांनी स्वतः जाऊन समजूत घातली, की हे स्मशान तसलं नव्हे, लष्करी आहे, पगार महिन्याच्या महिन्याला होतो आणि तिथं आता नवीन कोणी येत नाही. शेवटच्या मुद्द्यावर सासरे विरघळले. बायको मात्र अजूनही चिडली की म्हणते, "मेलेल्यांची बाग राखून राखून तुम्ही पण तसेच मुके झालात."

तिचं काही खोटं नाही. निवृत्त झाल्यापासून मी कुंभिवलीला घरीच असतो. हायवेला मुलाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिथं बाकड्यावर बसून येणारे-जाणारे ट्रक बघतो. हवा भरून होईपर्यंत एखादा ड्रायव्हर विचारतो, "काका, तुम्ही काय करायचात?" मी सांगतो, "गवत वाढवायचो." तो हसतो. पण मी खरं तेच सांगत असतो.

घाट चढून वर गेलं की छावणीच्या कडेला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची ही जागा आहे. पांढरे दगड, ओळीनं, सगळे एकाच उंचीचे. कर्नल असो की आचारी, दगड तेवढाच. लोकांना वाटतं, अशा ठिकाणी दगड महत्त्वाचे. दगड धुवायला पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. खरी मेहनत गवताची. मधलं गवत मशीननं निघतं, पण प्रत्येक दगडाभोवतीची कड हातकात्रीनं, गुडघ्यावर बसून कापावी लागते. गवत दगडाला टेकलं पाहिजे, पण त्याच्यावर चढता कामा नये. कुठं टक्कल पडलं तर वाफ्यातला हिरवा तुकडा मुळांसकट कापून आणायचा, जागेवर बसवायचा, पायानं दाबायचा आणि पाणी देत राहायचं. चांगलं बसलं तर इथं कधी कुदळ लागली होती हे तुम्हाला सांगूनही पटणार नाही. त्यात मी हुशार होतो. स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणारं नाही.

मागच्या बाजूला एक भिंत आहे. ज्यांना अग्नी दिला, त्यांची. हिंदू आणि शीख जवानांची राखसुद्धा इथं नाही. आहेत ती फक्त नावं, दगडात कोरलेली, एकाखाली एक. पाहुणे विचारायचे, "यांच्या कबरी कुठं?" मी छाती पुढं काढून सांगायचो, "प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप दिलेला आहे. या लोकांना अग्नी दिला, म्हणून भिंतीवर नाव." शाळेच्या सहलींना सांगितलं, फौजी पेन्शनरांना सांगितलं, एका मंत्र्यालाही सांगितलं. वाक्य मला आवडायचं. त्यात कोणावर अन्याय झालेला नव्हता.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. नवरी म्हणे इथलं हिरवं फार छान येतं. मी म्हटलं, "ताई, इथं नका. या मुलांपैकी बऱ्याच जणांची लग्नं राहून गेली." ती बिचारी ओशाळली आणि भिंतीला नमस्कार करून गेली. फोटोग्राफर मात्र माझ्यावर चिडला. एकदा एक बाई नवस फेडायला आल्यासारखी आली आणि भिंतीवरच्या आपल्या आडनावाच्या माणसाला तेल-शेंदूर फासून मोकळी झाली. त्या दगडातून शेंदूर काढता काढता माझा घाम निघाला. तो दगड तेल पितो आणि मग सोडत नाही. तिच्यावर रागावलो होतो, पण मनात आलं, एवढ्या वर्षांत या नावाला कोणी हात लावला असेल तर हिनंच.

सुंदराआजीचं मात्र मी हसत सांगू शकत नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी एक दुधाचा टेंपो फाटकाशी उभा राहिला. ड्रायव्हर पस्तिशीतला, कडावकडचा, बाळू गोसावी. त्यानं हात धरून एका म्हातारीला उतरवलं. वय ऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ. कपाळाला भस्म. काखेत कापडी पिशवी, जड. बाळूच्या मुलीनं मोबाइलवर आमच्या भिंतीचा फोटो शोधला होता आणि त्यात तिला घराण्यातलं नाव दिसलं होतं, केशवगिर. ते या म्हातारीचे वडील. माथेरानला घोडे धरायचे, लढाईच्या दिवसांत खेचरांच्या तुकडीत भरती झाले आणि छावणीच्या इस्पितळात तापानं वारले. गावात तार आली तेव्हा सुंदरा आईच्या पोटात होती. आजी तरुणपणीच विधवा झाली, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परत आली. बाळू तिच्या चुलत्याचा नातू.

आजीनं मला आधी आपादमस्तक पाहिलं. मग विचारलं, "बाबा, कंच्या तोंडानं बसवलाय त्यांला?"

मला प्रश्न कळला नाही. मी तिला भिंतीपाशी नेलं, नाव दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं बोट अक्षरांवरून फिरवलं आणि खाली जमिनीकडे बघितलं. "आनि ते खाली हायत?"

"नाही, आजी. खाली काही नाही. त्यांना अग्नी दिला." आणि सवयीनं पुढचंही बोलून गेलो, "प्रत्येकाला त्याच्या धर्माप्रमाणे."

"कोनच्या धर्मापरमानं?" आजीचा आवाज चढला. "आमी गोसावी. आमच्यात जाळीत नाय रं, बसवतात! भस्म लावून, मीठ घालून बसवतात. माझा आजा बसवलाय, पणजा बसवलाय. माझ्या बापालाच कोन जाळंल?"

बाळूनं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्यात मेलेल्याला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. घरामागं शेताच्या बांधाला त्यांच्या समाध्यांची ओळ आहे. ओळीत एक जागा केशवगिरसाठी ठेवलेली. आजीच्या आईनं ती कोणाला घेऊ दिली नाही. माणूस नाहीतर माणसाची माती येईल, तेव्हा बसवू म्हणायची. ती गेली, मग आजीनं राखली. ओळीच्या पुढं कालवा झाला, आता दुसरी जागाच नाही. "आजी म्हनते, बापाचं कायतरी आनून तिथं ठेवल्याबिगर मी डोळं मिटनार नाय," बाळू म्हणाला. "काका, हिच्यासाठी मूठभर कायतरी द्या ना."

द्यायला माझ्याजवळ काय होतं? राख कुठल्याशा नदीला कधीच गेली असणार. मी तिला बसवून पाणी आणायला गेलो. आणि चालता चालता मला माझा आजा आठवला. आमच्यातही आधी पुरायचे. आजाला पुरलं, ते मी लहानपणी पाहिलेलं. वडिलांना अग्नी दिला, कारण तोवर आम्ही बौद्ध झालो होतो आणि वस्तीनं तसं ठरवलं होतं. एका घरात दोन पिढ्यांत दोन तऱ्हा, हे मला चांगलं ठाऊक. तरी त्या भिंतीसमोर उभं राहून मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत आलो. इस्पितळात कोणीतरी कागदावर हिंदू वाचलं असेल आणि लाकडं मागवली असतील. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, निदान केशवगिरला शुद्ध होती तेव्हा त्यालाच, "तुमच्यात काय करतात?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? ते कोणी विचारलं नाही याचं मला त्या दिवसापासून वाईट वाटत आलं आहे.

पाण्याचा तांब्या घेऊन परत आलो तर आजी जागेवर नव्हती. समोरच्या ओळीत ती एका दगडापुढं मांडी घालून बसली होती. तो बिननावाचा दगड होता. ओळख पटली नाही अशा सैनिकांचे काही दगड आमच्याकडे आहेत, नावाच्या जागी मोकळे, खाली क्रूस कोरलेला. आजीनं पिशवी उपडी केली होती. खडेमीठ, भस्म, बेलाची पानं. दगडाच्या बुडाशी मिठाचा ढीग लावून ती वरून हातानं थापत होती.

"आजी, हे काय केलंत? हे कोणीतरी वेगळे आहेत!"

"तुला काय ठाव?" ती वर न बघता म्हणाली. "हिकडं नाव हाय नि मानूस नाय. तिकडं मानूस हाय नि नाव नाय. तुमीच घोळ घातला आसंल. ही बघ, फुली मारलीया. ठाव नाय म्हून मारली ना?"

बाळू शरमेनं अर्धा झाला होता. मी तिला खरं तेच सांगितलं, की कागदावर स्पष्ट आहे, अग्नी दिला, केशवगिर इथं नाहीत. ती ऐकून घेऊन उठली, गुडघ्याला हात लावत. "बरं. मी येईन परत," एवढंच बोलली.

मीठ मी लगेच हातानं गोळा केलं, पण बरंचसं आधीच दंवात विरघळून मुरलं होतं. आठवड्याभरात दगडापुढचं गवत पिवळं पडलं, मग गेलंच. आणि वर्षातला मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. फुलांची चक्रं घेऊन मोठमोठे लोक येतात. मुख्य कचेरीतले साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हे, फक्त घाबरट. त्या टकलापाशी थबकले.

"गायकवाड, हे काय?"

"मीठ, साहेब."

"कोणी टाकलं?"

"नातेवाइकांनी."

"कोणाच्या?"

मी वाकून कडेची एक सुकी काडी उपटली. साहेबांनी पुढं विचारलं नाही, एवढंच म्हणाले, की कार्यक्रमापर्यंत हे दिसता कामा नये.

नाही दिसलं. खारावलेली माती खोल खणून काढली, नवीन माती आणि शेणखत भरलं, वाफ्यातून तुकडे आणून बसवले. काढलेली माती कुठं टाकायची हा प्रश्न होता. बागेत टाकली असती तर तिथलं गवत गेलं असतं. म्हणून ती नेऊन त्या भिंतीच्या मागं ओतली. तिथं भिंत बांधतानाचा चुना आणि खडी पडलेली आहे, मुळात काही उगवतच नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मोठे लोक त्या दगडासमोरून गेले आणि त्यातल्या एक बाई थांबून म्हणाल्या, "काय सुंदर लॉन ठेवलंय!" मला बरं वाटलं. तेव्हा बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी आजी परत आली. आता पाठ वाकली होती आणि बाळूनं जवळजवळ उचलूनच आणली. ती ओळींमधून फिरायला लागली. थांबायची, खाली बघायची, पुढं जायची. बाळू म्हणाला, "काका, ती मिठाची जागा शोधतीया. म्हनत व्हती, मीठ पडलंय तिथं टक्कल आसंल, मला बरोबर घावंल."

दगड सगळे सारखे. गवत सगळं सारखं. माझ्या हुशारीनं तिची एकुलती एक खूण मी पुसली होती. मी गेलो आणि तिला त्या दगडाशी नेलं. "आजी, हाच तो. साहेबांचा हुकूम होता, माती मीच बदलली. गवत मीच लावलं."

तिनं वाकून गवतावरून तळवा फिरवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लई ग्वाड गवत हाय रं तुजं," ती म्हणाली. मग बाळूकडे वळली, आणि मुद्दाम मोठ्यानं, जणू भावकी समोर बसली आहे, अशी बोलली, "बघ बाळू. हितं ते नाय. आपल्या समाधीला गवत येत नाय. मीठ धरून ऱ्हातं. हितं गवत आलं म्हंजी हा दुसऱ्याचा पोर हाय."

"पण आजी, माती मी बदलली..." मी पुन्हा सांगू लागलो.

"तू बदललीस म्हून काय झालं? धरायचं आसतं तर धरलं आसतं." तिनं मला हातानं गप्प केलं. "माजं मीठ कुटं टाकलंस?"

मी तिला भिंतीमागं नेलं. चुना, खडी, आणि त्यात माझी ओतलेली माती, उघडीबोडकी. गवताची काडी नाही. कारण मी वर सांगितलंच आहे. आजीनं बाळूचा हात सोडला आणि दोन्ही तळवे भिंतीला टेकले. पलीकडच्या बाजूला नावं होती.

"हितं नाय उगवलं," ती म्हणाली. "हितंच हायत ते. जाळलं त्यांला. जाळलं तर जाळलं. मीठ पोचलं." मग बराच वेळ ती रडली, आवाज न करता, आणि बाळू माझ्याकडे बघत उभा राहिला. जाताना टेंपोत बसता बसता ती त्याला म्हणाली, "घरची जागा आता मोकळी झाली. मला बसवा तिथं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झालो. कचेरीत निरोपसमारंभ झाला, शाल दिली, गवताचं कौतुक झालं. मी मनात म्हणत होतो, माझ्या गवतानं एका म्हातारीला पटवलं, जे कागदाला पटवता आलं नाही. चुकीच्या पुराव्यानं का होईना, तिचा बाप तिला सापडला. तिला फसवल्यासारखंही वाटायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा.

गेल्या थंडीत बाळूचा फोन आला, की आजी गेली. मी कडावला पोचलो तेव्हा तिला भस्म लावून, मांडी घालून बसवलं होतं, त्याच राखलेल्या जागेत. त्यांच्यात उत्तरेला तोंड करतात, पण तिनं सांगून ठेवलं होतं म्हणून घाटाकडे केलं. भावकीतल्या कोणी हरकत घेतली नाही. बाळूनं मला मीठ घालायला बोलावलं, मी ओंजळभर घातलं.

या पावसाळ्यात, भात लावून झाल्यावर, सहज तिकडे गेलो. समाध्यांच्या ओळीत बाळूची बायको वाकून काम करत होती. पाऊस धो धो पडून गेलेला, सगळीकडे हिरवंगार, आणि ती समाध्यांवरचं गवत उपटून टोपलीत टाकत होती. आजीच्या नव्या समाधीवर तर बोटबोट उगवलं होतं.

मी विचारलं, "या समाध्यांवर गवत येत नाही ना? मीठ असतं ना?"

ती हसली. "येत नाय कसं? आपल्याकडचा पाऊस म्हंजी काय, मीठ पहिल्याच म्हैन्यात धुऊन जातं. दर दोन दिसांनी काढावं लागतं, नायतर समाधी दिसनार बी नाय."

"आजीला माहीत होतं हे?"

"आजीनंच तर शिकवलं मला. लगीन होऊन आले तवापासनं. तिचे गुडघे जाईस्तोवर तीच काढायची, तिच्या आयशीनंतर तीच."

मी समाधीच्या कडेला बसलो. म्हणजे गवतानं काही सिद्ध होत नाही हे ती आयुष्यभर दर पावसाळ्यात बघत आली होती. तिला माझ्याइतकंच गवत कळत होतं. त्या दिवशी मोठ्यानं बोलली ते बाळूला ऐकू जावं म्हणून, त्यानं भावकीत जाऊन सांगावं म्हणून, नाहीतर बापासाठी राखलेली ती जागा कोणी तिच्यासाठी कधी मोकळी केली नसती. आणि बापाची मूठभर मातीसुद्धा मिळणार नाही, हे तिला माझ्या पहिल्या वाक्यातच कळलं असणार. मी मात्र तिला पटवल्याच्या खुशीत होतो.

त्या इस्पितळात एका माणसानं एक प्रश्न विचारला असता, तर या बाईला ऐंशी वर्षं वाट बघून शेवटी हे नाटक करावं लागलं नसतं.

बाळूची बायको पुढची समाधी साफ करायला निघाली. मी म्हटलं, "सूनबाई, आजीची राहू दे. ती मी करतो." हातकात्री नव्हती, लागणारही नव्हती. एकेक काडी बुडाशी धरली आणि मुळासकट काढली, कुठलं मूळ आत तुटून राहू नये इतक्या जपून. सगळं निघेपर्यंत पुन्हा पाऊस लागला. जमीन काळी, उघडी, टक्कल पडलेली दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी असं टक्कल मुद्दाम केलं आणि ते तसंच सोडून घरी आलो.